पाण्याखालच्या लोकेशनची रेकी: उजनीच्या काठावरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातला सात-आठ मित्रांचा गट. कॉलेजात एकांकिका केलेले, आता नोकऱ्यांत अडकलेले, पण अधूनमधून काहीतरी करायची खाज असलेले. त्यांनी १२ मिनिटांचा लघुपट करायचं ठरवलं. गोष्ट साधी होती. धरणात गाव गेलेली एक आजी उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर नातवाला घेऊन आपल्या घराचं जोतं बघायला येते. संवाद मोजके. कॅमेरा एकाचा स्वतःचा, लेन्स मागून आणलेल्या, आणि हातातल्या तुटपुंज्या पैशांतला मोठा भाग साउंडच्या भाड्यात जाणार हे आधीपासून ठरलेलं. मी प्रॉडक्शन सांभाळत होतो, म्हणजे गाड्या, जेवण, परवानग्या आणि सगळ्यांच्या शिव्या.

गाव उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचं, म्हणजे धरणामागे साचलेल्या पाण्याच्या कडेचं, इंदापूर तालुक्यातलं. नाव मुद्दाम देत नाही आणि माणसांचे तपशीलही थोडे बदलले आहेत.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). पण त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठाच, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी आहे. म्हणजे पेपरात ‘उजनी शून्य टक्क्यावर’ अशी बातमी येते तेव्हा निम्म्याहून जास्त पाणी धरणात असतंच. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या उपयुक्त साठ्याची, म्हणून तर पुढे ‘उणे’ आकडे येतात. दुसरी गोष्ट जमिनीच्या उताराची. शंभर टक्क्यांवरून शून्यावर येताना पातळी जेमतेम सहा मीटर उतरते, पण इथला उतार इतका सपाट आहे की पाणी एक मीटर खाली गेलं तर काठ शंभर-दीडशे मीटर मागे सरकू शकतो. या दोन गोष्टी कळेपर्यंत आमची रेकी, म्हणजे शूटिंगच्या जागेची आधीची पाहणी, निव्वळ सहल होती.

अडचण

फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्यांदा काठावर गेलो तेव्हा जे बघायला आलो होतो ते पाण्याखाली होतं. गटातल्या एकाच्या हॉस्टेलच्या मित्राचे काका तिथले शेतकरी. त्यांना आम्ही पुढे तात्याच म्हणायला लागलो. त्यांनी पाण्याकडे बोट केलं. “ते बगळं बसल्यात न्हवं का, त्याच्या जरा अलीकडं. तिथं जुनं गावठान.” आम्ही सगळे मान हलवत बगळ्यांकडे बघत राहिलो.

तेव्हा प्रश्न असा होता: जी जागा आज दिसतच नाही ती निवडायची कशी? कधी उघडी पडेल, तिथवर चालत जाता येईल का, उघडी पडल्यावर आजूबाजूला काय दिसेल, आवाज कसला येईल, हे सगळं अंदाजानं ठरवायचं होतं. शिवाय आजीचं काम करणार होती दिग्दर्शकाची आत्या. वय ६८, गुडघे कुरकुरणारे, उत्साह आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत तिला किती चालवायचं, हा प्रश्न फ्रेमपेक्षा मोठा होता. पहिल्या रेकीच्या टिपणवहीत मात्र त्याचा उल्लेख नाही. लेन्सचे आकडे पानभर आहेत.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पळसदेवचं मंदिर. उजनीत बुडालेलं, पाणी खूप खाली गेलं की वर येणारं, आणि देखणं. कॅमेरा सांभाळणारा मित्र त्याच्यावर फिदा होता. पण ते कधी उघडं पडेल हे त्या वर्षीच्या पाण्यावर अवलंबून, आणि पडलं की बघ्यांची रीघ लागते. माझी हरकत वेगळी होती. आजी आपल्या घरी येते, देवळात नाही. मागे मंदिर उभं राहिलं की बघणारा मंदिरच बघणार.

दुसरा पर्याय पुण्याजवळ काहीतरी उरकायचा. पवनेच्या काठीही पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ दिसतं, आणि घरून दीड-दोन तासांत पोचता येतं. पण पवनाकाठी शनिवार-रविवारी तंबू, स्पीकर आणि बार्बेक्यू. आम्हाला सुट्टी मिळणार शनिवार-रविवारचीच. मातीचाही फरक होता. उजनीकाठची काळी माती भेगाळते तशी मावळातली भेगाळत नाही.

तिसरा पर्याय पलीकडच्या, करमाळ्याच्या बाजूचा काठ. तिकडे एका जुन्या विहिरीचं बांधकाम पाण्यातून डोकं वर काढून होतं आणि आसपास वस्ती नव्हती. रस्त्यानं मोठा वळसा, होडीनं काही मिनिटांचं अंतर. होडी म्हटल्यावर निम्मा गट खूश. आजी होडीतून येते, काय शॉट आहे! मी आणि साउंडवाली मैत्रीण सोडून सगळे त्याच बाजूचे.

चौथा पर्याय तात्यांनी दाखवलेलं गावठाण, जे अजून पाण्यात होतं.

पहिला निर्णय: होडी नको

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या बाजूच्या कुगावहून इंदापूरच्या बाजूच्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण बुडाले. आम्ही रेकी करत होतो तेव्हा त्याला वर्षही झालं नव्हतं आणि काठावर कुणालाही विचारलं तरी बोलण्यात ते यायचंच. सकाळी आरशासारखं दिसणारं पाणी उन्हाळ्यात दुपार टळली की वळवाच्या वाऱ्यानं काही मिनिटांत उसळतं. आमचे महत्त्वाचे शॉट संध्याकाळच्या उजेडातले, म्हणजे परतीची फेरी नेमकी त्याच वेळेला.

लाइफ जॅकेट भाड्यानं आणू, असा तोडगा निघाला. त्यावर साउंडवालीनं विचारलं, “आत्यांना पोहता येतं का, हे कुणी विचारलंय?” कुणीच विचारलं नव्हतं. तिसरा पर्याय तिथेच संपला. एका सुंदर शॉटसाठी अख्खं युनिट पाण्यावर अवलंबून ठेवणं हौशी गटानं करूच नये, असं माझं मत तेव्हाही होतं. ज्यांच्याकडे सुरक्षा बोट आणि पट्टीचे पोहणारे असतात त्यांची गोष्ट वेगळी.

पाणी कधी उतरणार

आता उरलं गावठाण. ते कधी उघडं पडेल याचा अंदाज बांधायला आम्ही तीन गोष्टी एकत्र केल्या.

जलसंपदा खात्याकडून धरणाची रोजची पातळी जाहीर होते. ती एकाने वहीत उतरवायला घेतली. उन्हाळी आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी कालव्यात सोडायच्या पाण्याच्या पाळ्या, कधी सुटणार हे कालवा सल्लागार समितीत ठरतं आणि बातमी स्थानिक पेपरात येते. शिवाय सोलापूरच्या पिण्यासाठी तेव्हा नदीत पाणी सोडत. ही दोन पाणी सुटली की काठ भराभर मागे जातो. मग उपग्रहाची चित्रं. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट बघता येतात आणि दर काही दिवसांनी नवी येतात. सुरुवातीला आम्ही मागच्या वर्षांचे एप्रिल बघत बसलो होतो. ते निरुपयोगी, कारण २०२४ च्या एप्रिलमध्ये धरण खूप ‘उणे’ गेलेलं आणि २०२५ मध्ये त्याहून बरंच जास्त पाणी. तारीख न जुळवता पातळी जुळवली तेव्हा चित्र लागलं. एप्रिलअखेरीस पातळी जिथे असेल असं वाटत होतं, ती पातळी आधीच्या वर्षांत कधी होती ते शोधलं आणि त्या दिवसाचं चित्र उघडलं. गावठाणाच्या जागी फिकट चौकोनी डाग दिसत होते.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी आणि सगळ्यात भरवशाची निघाली. तात्यांनी पाण्याच्या कडेला बाभळीची एक खुंटी ठोकली आणि दर रविवारी तिच्यापासून पाण्यापर्यंत पावलं मोजून फोन करायचं कबूल केलं. “बावीस” असं नुसतं सांगून ते फोन ठेवायचे. मार्चच्या शेवटी आकडा अचानक वाढला, तेव्हा आवर्तन सुटल्याचं आम्हाला पेपराआधी कळलं.

तारखेवर वाद झाला. मे अखेर घेतली तर गावठाण पूर्ण मोकळं, पण वळवाचा धोका. एप्रिलचा उत्तरार्ध घेतला तर एक-दोन जोती दिसतील, बाकी पाण्यात. दिग्दर्शकाला अख्खं गाव उघडं हवं होतं. मी विचारलं की गोष्टीत आजी किती घरं बघते? एकच. एप्रिल ठरला.

सूर्य हलतो

ही गोष्ट पुस्तकी वाटते, पण याच्यावरून शूटिंग फसतं. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य पश्चिमेच्या डावीकडे, नैर्ऋत्येकडे कलून मावळतो. एप्रिलच्या विशीत तो पश्चिमेच्या उजवीकडे गेलेला असतो. या अक्षांशावर फरक सुमारे २५ अंशांचा. आमच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये आडवं जेवढं दिसतं, जवळपास तेवढाच. म्हणजे फेब्रुवारीत काढलेल्या फोटोत आजीच्या डोक्यामागे मावळणारा सूर्य एप्रिलमध्ये फ्रेमच्या बाहेर. सूर्याचा मार्ग दाखवणारं फोनवरचं ॲप तारीख बदलून बघितलं तेव्हा हे ध्यानात आलं आणि कॅमेऱ्याची जागा जोत्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर हलवली. तिथून मागे विजेचे खांब येत होते, ते टाळायला कॅमेरा खाली घ्यावा लागला. शेवटी तोच कोन जास्त चांगला ठरला, पण तो योगायोग.

दोन माणसं मोटारसायकलवरून येतात

मार्चमधल्या फेरीत तात्या सोबत नव्हते. आम्ही ट्रायपॉड लावून पाण्याकडे लांबची लेन्स लावली होती. दूर दोन-तीन फायबरच्या बोटी होत्या, त्यांच्याकडे आमचं लक्षही नव्हतं. थोड्या वेळानं मोटारसायकलवरून दोघं आले.

“कुठल्या पेपरचं?”

“पेपरचं नाही, शॉर्ट फिल्म करतोय.”

“बोटींचं कशापायी घेताय मग?”

फुगवट्यातला चोरटा वाळू उपसा, त्यावर पडणाऱ्या धाडी, जिलेटिनचा स्फोट करून बुडवलेल्या बोटी, हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं बातम्यांत वाचलेलं. पण आपण लेन्स कुठे रोखलीय याचा आणि त्या बातम्यांचा संबंध डोक्यात आला नव्हता. त्या बोटी कशाच्या होत्या हे आम्हाला आजही ठाऊक नाही. विचारलंही नाही.

त्या क्षणी दोन मार्ग होते. आमच्यातला एक तावातावानं ‘सार्वजनिक जागा आहे’ म्हणायच्या बेतात होता. दिग्दर्शकानं त्याला मागे ओढलं, कॅमेऱ्याचा पडदा त्या दोघांकडे वळवला आणि घेतलेलं सगळं दाखवलं. बोटी दिसत होत्या ते दोन तुकडे त्यांच्यासमोर पुसले. ते गेले. आम्हीही सामान आवरलं. कुणाला हे शेपूट घालणं वाटेल. पण आम्ही बातमीदार नव्हतो, आमच्या मागे कुठलं संपादक मंडळ नव्हतं, आणि शूटिंगला परत त्याच काठावर यायचं होतं.

यानंतर नियम झाला: गावातलं माणूस सोबत असल्याशिवाय काठावर कॅमेरा बाहेर काढायचा नाही, आणि पाण्याकडे लांबची लेन्स लावायचीच नाही.

परवानग्या

पाणी ओसरून उघडी पडलेली जमीन मोकळी दिसली तरी बेवारस नसते. ती संपादित झालेली, जलसंपदा खात्याकडची. तिच्यातले तुकडे शेतकऱ्यांना गाळपेरीसाठी, म्हणजे पाणी उतरल्यावर एका हंगामाच्या पिकासाठी मिळतात. व्यावसायिक शूटिंगला राज्य सरकारची एक खिडकी योजना आहे. आमच्यासारख्यांनी काय करायचं याबद्दल प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर मिळालं. शेवटी खात्याच्या स्थानिक कार्यालयाला अर्ज आणि त्याची पोच, ग्रामपंचायतीचं पत्र आणि पोलीस ठाण्याला माहितीचं पत्र, एवढं केलं. धरणाच्या भिंतीच्या आसपास शूटिंग नाही, हे अर्जातच लिहिलं. सरपंचबाईंनी पत्र देताना एकच विचारलं, “गावाची बदनामी न्हाई ना त्यात?” पटकथेची दोन पानं वाचायला दिली.

एकाकडे अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन होता. २०२१ च्या ड्रोन नियमांत एवढ्या लहान ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण हवाई क्षेत्राचा नकाशा तपासावा लागतोच. बारामतीच्या धावपट्टीवरची प्रशिक्षणाची विमानं इकडून फिरताना आम्ही बघितली होती. शिवाय भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी. ड्रोन घरी ठेवला, आणि आजीच्या गोष्टीला आकाशातून बघायची गरजही नव्हती.

हिरवा पट्टा

एप्रिलच्या सुरुवातीला गावठाण दिसायला लागलं, आणि दिग्दर्शकाचा चेहरा पडला. त्याच्या डोक्यात भेगाळलेली, ओसाड, क्षितिजापर्यंत काही नसलेली जमीन होती. पाण्याकडे तोंड केलं तर ती होती. पण पाठ फिरवली की जोत्यापासून थोड्याच अंतरावर कलिंगडाचे वेल, त्यापुढे कडवळ आणि मका, आडवेतिडवे काळे पाइप, केबली आणि मोटारी. नातवाचा उलट कोन घेतला की मागे सगळं हिरवंगार.

पर्याय तीन. उलट कोन टाळायचा. जागा बदलायची. नाहीतर हिरवं येऊ द्यायचं. दोन दिवस फोनवर भांडणं झाली. मग दिग्दर्शक एकटाच जाऊन तात्यांशी बोलून आला. तात्यांचं स्वतःचं घरही त्याच गावठाणात होतं, आणि आता त्यांचं कलिंगड शेजाऱ्याच्या जुन्या परड्यात उभं होतं. हे त्यांनी कुठलाही सूर न लावता सांगितलं, खताच्या भावासारखं. पटकथेत बदल झाला. आजी जोत्यावर पोचते तेव्हा एक माणूस तिथे पाइप जोडतोय, आणि ती त्याला विचारते, “चूल हितं होती. तुझं काय हाय हितं?” तो म्हणतो, “कलिंगड.” माझ्या मते लघुपटातला सगळ्यात चांगला क्षण हाच, आणि रेकी झाली नसती तर तो आलाच नसता.

जमिनीचा भरवसा

वरून कडक दिसणारा गाळ आतून ओला असतो. वरची खपली पापडासारखी, पाय ठेवला की मोडते, आणि खाली गुडघ्यापर्यंत लोण्यासारखा चिखल. आमच्यातल्या एकाचा बूट अजूनही तिथेच आहे. तात्यांनी उपाय सांगितला: “शेरडांची वाट दिसंल तिथनंच चाला.” शेळ्यांच्या पावलांची वाट जोत्याला वळसा घालून जात होती. तीच चुन्याच्या फक्कीनं आखली. कॅमेरा, साउंड, आत्या, सगळे त्याच वाटेनं.

तरीही अंतर होतंच. गाडी जिथवर यायची तिथून जोतं चालत दहा मिनिटं, आत्यांना वीस. आणि जो मुद्दा कुठल्याच यादीत नव्हता तो साउंडवालीनं काढला. दिवसभर बायकांनी जायचं कुठे? मैदानात आडोसा औषधालाही नव्हता. वाटेवरच्या वस्तीवर तात्यांच्या वहिनींचं घर होतं. तिनं जाऊन विचारलं. न्हाणीघर, संडास, कपडे बदलायला खोली आणि दुपारी आत्यांना पडायला पंख्याखाली जागा, सगळं मिळालं. गावठाणाचं लोकेशन पक्कं झालं ते खरं या घरामुळे. नसतं तर आम्ही दुसरीकडे बघितलं असतं.

आवाज

शेतीपंपांची थ्री-फेज वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. वीज आली की काठावरच्या मोटारी एकदम चालू होतात आणि सपाट पाण्यावरून तो घरघराट लांबवर येतो. साउंडवालीनं वायरमनदादांकडून पाळीचं वेळापत्रक मिळवलं आणि संवादाचे सीन वीज नसलेल्या वेळात टाकले. एका दुपारी पाळी बदलली. तात्यांनी आपली मोटार बंद ठेवली, शेजारच्यांची चालूच राहिली. तात्यांच्या बुडालेल्या पाण्याच्या पाळीचे पैसे देऊ केले, त्यांनी घेतले, आणि ते मला बरं वाटलं. ‘राहू द्या’ म्हणाले असते तर पुढच्या वेळी मागायला जीभ रेटली नसती.

निष्पत्ती

एप्रिलच्या उत्तरार्धातल्या एका शनिवार-रविवारी शूटिंग झालं. जोत्याचा दगडी उंबरा आणि दोन पायऱ्या पूर्ण कोरड्या होत्या, पलीकडचं जोतं अर्धं पाण्यात. शनिवारची संध्याकाळ नीट मिळाली. रविवारी चारनंतर ईशान्येकडे काळं दिसू लागलं, सव्वापाचला धुळीचा लोट आला. ठरलेला शेवटचा लांब शॉट गेला. त्याऐवजी वाऱ्यात पदर सावरत वस्तीकडे निघालेल्या आत्या कॅमेरामननं चालता चालता हातातच टिपल्या. एडिटला तोच शेवट ठेवला.

त्या वर्षी मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला आणि त्याच सुमारास बारामती-इंदापुरात पावसानं थैमान घातलं. मे अखेरची तारीख धरली असती तर लघुपट पुढच्या वर्षावर गेला असता.

वेगळं काय करता आलं असतं

आत्यांना आम्ही थेट शूटिंगलाच नेलं. एखाद्या रेकीला नेलं असतं तर चालण्याचा वेळ खरा कळला असता. सीनच्या वेळापत्रकात वीस मिनिटं धरली होती, पण परतीचा चढ कुणी धरला नव्हता.

रेकी नेहमी सकाळी झाली, कारण पुण्याहून पहाटे निघणं सोयीचं. संध्याकाळची गुरं, शेरडं, होड्यांचे आवाज आणि वारा हे शूटिंगच्या दिवशीच पहिल्यांदा भेटले. ज्या वेळेला शूट करायचंय त्याच वेळेला एकदा तिथे नुसतं बसून यायला हवं होतं, कॅमेऱ्याशिवाय.

पैशांचं आधी ठरवायला हवं होतं. मोटारीचे पैसे दिले, पण वहिनींच्या घराचा वापर, चहा, पाणी, याचं काय द्यायचं यावर शेवटच्या क्षणी कुजबुज झाली आणि एक साडी घेऊन वेळ मारून नेली. त्यापेक्षा दिवसाचं भाडं आधीच बोललो असतो तर दोघांनाही सोपं गेलं असतं.

मंदिराचा वाद अजून मिटलेला नाही. कॅमेरावाल्याचं म्हणणं, लांबवर एका शॉटपुरतं पळसदेव दाखवायला हरकत नव्हती. दिग्दर्शक आता अर्धवट त्याच्या बाजूला गेलाय. मी अजून विरोधात आहे.